कापूस एक, काटे चार

कापूस एकच असतो. तो मोजायचे काटे मात्र चार आहेत. न्यूयॉर्कच्या बाजारात तो पौंडावर मोजतात आणि भाव सेंटात सांगतात. आमच्या सूतगिरणीच्या हापिसात खंडीवर बोलतात. एक खंडी म्हणजे ३५६ किलो. यवतमाळ-अकोल्याच्या मार्केट यार्डात शेतकरी क्विंटलचा भाव ऐकतो. आणि ज्या बाईने बोंडाच्या टोकांनी बोटं रक्ताळून तो वेचला, तिला किलोवर पैसे. दिवसभरात जेवढे किलो, तेवढीच मजुरी.

न्यूयॉर्कच्या काट्यावर बसलेला माणूस त्या बाईला ओळखत नाही. पण तिकडे रात्री भाव पडला की इकडे यार्डातला व्यापारी हात आखडतो. व्यापाऱ्याने हात आखडला की शेतकरी वेचणीच्या दरावर घासाघीस सुरू करतो. उलटा प्रवास कधी होत नाही. बाईच्या कमरेत उसण भरली म्हणून न्यूयॉर्कचा भाव चढला, असं कुणी ऐकलंय?

दोस्तांनो, आपल्याकडे ह्याला काटा मारणं म्हणतात. वाण्याने मारला तर आपण त्याची गचांडी धरतो. जगाच्या बाजाराने मारला तर पेपरात अग्रलेख येतो: अमुक भाग मागास आहे, तमुक समाज मागास आहे, त्यांना विकासाच्या मुख्य प्रवाहात आणलं पाहिजे.

हा मागास शब्द मला इथे मोडून काढायचाय. मागास म्हणजे मागे राहिलेला. म्हणजे जणू सगळे एका रस्त्याने चालले होते, आपण दमलो, झाडाखाली बसलो आणि पुढचे पुढे गेले. हा अर्थ ज्याने त्या शब्दात भरला तो लबाड आहे. पुढचा पुढे गेला तो मागच्याच्या पाठीवर पाय देऊन. जगात हेच, देशात हेच, राज्यात हेच, मुंबईत हेच, गावात हेच. पाच ठिकाणी पाच भानगडी नाहीत, एकच आहे. आपण ती एका वेळी एकाच ठिकाणी बघतो म्हणून मार खातो. एवढंच मला सांगायचंय. आता पुरावा देतो.

*

वऱ्हाड घ्या. आज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा मुलूख म्हणून ते पेपरात येतं. १८५३ साली कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. त्याच साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. दोन्हींच्या मागे रुईची भूक होती. मँचेस्टरच्या गिरण्यांना रुई पाहिजे होती, आणि ती मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतून, काळ्या गुलामांच्या हातून येत होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि मुंबईच्या रुईला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचा सट्टा पेटला. १८६५ला लढाई संपली, भाव कोसळला, सटोडिये बुडाले. सटोडिया बुडाला की दिवाळं काढतो. शेतकरी बुडाला की त्याची जमीन जाते. १८७५ला पुणे-नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली, सुरुवात सुप्याला झाली. त्याच्यामागे वाढवलेला सारा होता, सावकार होता, आणि लांबून अमेरिकेची लढाई पण होती. सुप्याच्या माणसाला अमेरिका कुठेय ठाऊक नसेल. अमेरिकेने त्याला बरोबर शोधून काढला होता.

१८७०ला व्हाइसरॉय मेयो स्वतः खामगावला गेला. कशाला? रेल्वेचा फाटा उघडायला. तो फाटा खामगावच्या माणसांना कुठे जायचं होतं म्हणून टाकलेला नव्हता. गाठींना बंदरावर जायचं होतं. रस्ता कुणासाठी काढला ते बघा म्हणजे भूगोल कळतो. रुई वऱ्हाडात पिकली, तिचं सूत आणि कापड विलायतेत झालं, आणि तेच कापड परत आपल्याला विकलं. १८९९-१९००च्या दुष्काळात ह्याच काळ्या कसदार मातीत माणसं मेली. ज्वारीची जागा कापसाने घेतली होती, आणि कापूस खाता येत नाही.

कुणी म्हणेल, मग इथे गिरण्या का नाही काढल्या? काढल्या की. १८५४ला कावसजी दावरने मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. १८७७ला जमशेदजी टाटाने नागपुरात एम्प्रेस मिल चालू केली. लगेच लँकेशायरच्या पोटात दुखायला लागलं. १८८२ला विलायती कापडावरची जकात काढून टाकली. पुढे सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला, जकात परत लावावी लागली. तेव्हा १८९६ला विलायती कापडावर साडेतीन टक्के, आणि इथल्या गिरणीच्या कापडावरही बरोबर साडेतीन टक्के कर. तो जायला १९२६ साल उजाडलं. पोराचे पाय बांधायचे, शर्यतीत उतरवायचं, आणि नंतर म्हणायचं पोरगं मंद आहे.

तेव्हा मुख्य प्रवाहात आणायची भाषा बंद करा. वऱ्हाडचा शेतमजूर १८५३पासून मुख्य प्रवाहातच आहे. तळाला आहे.

*

इथे आपले काही मित्र थांबतात. साम्राज्यवादाने देश लुटला, विषय संपला. नाही. घडी अजून उलगडायचीय.

मुंबईच्या गिरणीला माणूस कुठून आला? रत्नागिरीतून, साताऱ्यातून. कोकणात पाऊस धो धो, पण चूल पेटायची मनिऑर्डरवर. पोरगं वाढवायचा खर्च गावाने करायचा, म्हातारपण गावाने काढायचं, आणि मधली धडधाकट तीस वर्षं गिरणीने वापरायची. मालकाला मजूर स्वस्त पडला, कारण त्याच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांचं बिल गावातली बाई भरत होती. मुंबई चढत गेली त्याचं कारण रत्नागिरीत होतं, आणि रत्नागिरी रिकामी झाली त्याचं कारण मुंबईत.

आणि गिरणीच्या आत काय? माझा पणजा परळला एका गिरणीत त्रासनखात्यात होता. साळखात्यात त्याला मज्जाव. साळखात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यात नवी कांडी बसवली की सूत तोंडाने ओढून बाहेर काढायला लागायचं, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालायचा नाही. बघा: यंत्र विलायती, रुई वऱ्हाडची, सूत पार चीनपर्यंत जाणारं, आणि दोन खात्यांच्या मधल्या दारात मनू उभा. चार फुटांचं दार. पण तीही सरहद्दच होती, कारण अलीकडे एक पगार आणि पलीकडे दुसरा. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाशी भांडायला मागण्यांची भली मोठी यादी तयार होती. ह्या दाराशी भांडायला पुढारी आढेवेढे घेत होते.

१८ जानेवारी १९८२ला मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझा आजा त्यांच्यात होता. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. सगळे म्हणतात, संपाने गिरण्या मारल्या. कापड मेलं का? एक दिवस तरी मुंबई नागडी हिंडली का? कापड भिवंडीत निघत होतं, मालेगावात निघत होतं, इचलकरंजीत निघत होतं. यंत्रमागावर, बारा तासांच्या पाळीत, ना फंड ना ग्रॅच्युइटी. परळची मजुरी साठ-सत्तर वर्षं लढून वर चढलेली होती. मालकाने ती सोडली आणि खाडीपलीकडची, अजून न लढलेली मजुरी धरली. त्या मागांवर कोण होतं? उत्तर प्रदेश-बिहारचा मुसलमान विणकर, तेलंगणाचा पद्मशाली, आणि माझ्या बापासारखी संपात मोडलेल्या घरांतली पोरं. भांडवलाला जागेची माया नसते. जिथे माणूस कर्जात, एकटा आणि परका, तिथे ते जाऊन बसतं.

मग परळची जमीन? कापडापेक्षा जमिनीत पैसा दिसायला लागला. १९९१च्या नियमात म्हणाले, तीन वाटे करा: एक मोकळी जागा, एक म्हाडाची घरं, एक मालकाला. २००१ला त्याच नियमात दुरुस्ती केली की वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे, शेडखालच्या जमिनीचे नाहीत. २००६ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. कोहिनूर मिल नंबर तीनची जमीन २००५च्या लिलावात ४२१ कोटींना गेली. हे ४२१ कोटी मातीतून उगवले का? ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तिथे पाळ्या केल्या, चाळी भरल्या, बाजार वसवला, त्यांनी ती जागा महाग केली. आणि तीच त्यांना परवडेनाशी झाली.

शहराच्या कचऱ्याचाही भूगोल असतो. मुंबईचा कचरा १९२७पासून देवनारला पडायला लागला. ज्या साली महाडला आपण तळ्याचं पाणी प्यालो, त्याच सालचं हे. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहतं ते जाऊन बघा. दलित, मुसलमान, भटके. गाव सोडलं, वेस बरोबर आली.

*

आता सरहद्द ओलांडू. भिवंडी-इचलकरंजीत आपल्या पोरांना सांगतात: बांगलादेशचा मजूर तुझं पोट मारतोय. हे नीट समजून घ्या, कारण ह्यावरच पोरांना मुसलमानाच्या अंगावर सोडतात.

१९७४ ते २००४ श्रीमंत देशांनी कोट्याची पद्धत ठेवली होती. कुठल्या गरीब देशाने किती कपडे पाठवायचे ते गिऱ्हाईक ठरवणार. खुल्या व्यापाराची प्रवचनं झोडणारे हेच. दक्षिण कोरियाच्या कपड्यांना ह्या कोट्याचा अडसर झाला तशी तिथली एक कंपनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चितगावच्या कंपनीशी करार करून बांगलादेशात उतरली. बांगलादेशाची वाट तेव्हा मोकळी होती. तिथून तो धंदा फोफावला.

२४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही आठ मजल्यांची इमारत. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना कामावर बोलावलं. इमारत कोसळली. ११३४ माणसं मेली, बहुतेक बाया. एकाच जिन्यावर दोन देश होते: बँकेच्या कारकुनाचा जीव हिशेबात धरला, शिवणाऱ्या बाईचा धरला नाही. तिची किमान मजुरी तेव्हा महिन्याला ३,००० टका. ती शिवत होती ते कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत जायचे होते. ती बाई आपली दुश्मन? तिच्यात आणि भिवंडीच्या मागवाल्यात कोण स्वस्त मरतो ही शर्यत लावणारा आपला दुश्मन आहे.

आणि पार वर बघा. अमेरिकेचा कापूसवाला सरकारी अनुदानावर उभा राहून जगाचा भाव पाडतो. २००२ला ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकली. अमेरिकेने काय करावं? २०१०ला आपलं अनुदान तसंच ठेवून ब्राझीललाच वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. गप्प बसायचे पैसे. आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब देश २००३पासून तेच गाऱ्हाणं मांडत होते. त्यांना असा चेक कुणी फाडून दिला नाही. पाटलाने पाटलाशी मिटवून घ्यावं आणि वस्तीला पुढची तारीख द्यावी, तसं.

आपल्या घरचं सांगतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली. त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरची ११ टक्के आयात जकात उठवली, आणि पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. निर्यातवाल्यांना रुई स्वस्त मिळावी म्हणून. इकडे कापूस घरात यायची वेळ आणि बंदरात परदेशी गाठी. वॉशिंग्टनने शेठला मारलं, शेठ सरकारकडे गेला, सरकारने शेतकऱ्याला मारलं, शेतकऱ्याने वेचणाऱ्या बाईचा दर धरला. बाईने कुणाला धरायचं?

एवढ्यावर भागत नाही. विष पण ह्याच वाटेने उतरतं. २०१७ला यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं मेली. त्यांत रोजाने पंप पाठीवर घेणारे होते. त्या हंगामात वापरलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉन होतं. स्वित्झर्लंडने आपल्या शेतात ते बंद केलेलं, आणि तिथूनच ते २०१७ साली आपल्याकडे निर्यात झालेलं. त्यांच्या मातीला जे चालत नाही ते आपल्या फुप्फुसाला चालतं. शिवाशिव अजून काय वेगळी असते?

*

आता आपलं राज्य. विदर्भ-मराठवाड्यावर अन्याय झाला हे खरंच आहे. १९५३चा नागपूर करार झाला, घटनेत कलम ३७१(२) आलं, १९८३ला दांडेकर समिती बसली. १९८४ला तिने हिशेब मांडला: सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष. १९९४ला विकास मंडळं आली. २०१३ला केळकर समितीचा अहवाल झाला. २०२०च्या एप्रिलअखेर मंडळांची मुदत संपली. कागदाला कागद लागत गेला.

पण माप कुठलं धरलं? जिल्हा. जिल्ह्यात रस्ता किती, सिंचन किती, विजेचे पंप किती. जिल्ह्याला पाणी मिळालं म्हणजे कुणाच्या शेताला मिळालं? ज्याला शेतच नाही त्याचा अनुशेष कुठल्या रकान्यात लिहायचा? पश्चिम महाराष्ट्र पुढारलेला म्हणतात. माझा जन्म तिथलाच. पुढारलेल्या कारखान्याच्या पुढारलेल्या गावात आमची वस्ती ओढ्याच्या कडेलाच आहे, पाऊस झाला की चुलीत पाणी. आणि तो पुढारलेला ऊस तोडायला बीडची माणसं कोयता घेऊन येतात. पुढारलेला जिल्हा मागास जिल्ह्याच्या कोयत्यावर उभा आहे. अनुशेष मोजणाऱ्याने हा कोयता कुठल्या जिल्ह्याच्या खात्यात मांडला?

शेवटी गाव. डिसेंबर २०२०ला सरकारने ठरवलं, महारवाडा, मांगवाडा अशी नावं काढा. समतानगर, भीमनगर म्हणा. चांगलं केलं. पाटी बदलली, पाइपलाइनचं काय? गावच्या टाकीचं पाणी आधी कुणाच्या नळाला येतं? डांबर कुठपर्यंत येऊन थांबतं? १९५८च्या कायद्याने महार वतन गेलं. बाबासाहेबांनी त्यासाठी १९२८लाच विधिमंडळात बिल आणलं होतं. वतन गेलं ते बरंच झालं, ती गळ्यातली साखळी होती. पण वतनाची जमीन कुणाकडे गेली? सातबारा काढा, फेरफार काढा, मग बोला.

इथे गाठ बसते. पैसा एका रात्रीत मुंबईहून ढाक्याला जातो. जमीन जागची हलत नाही. माणूस दोन्हींच्या मध्ये असतो: तो हलतो, पण त्याची जात त्याच्याबरोबर हलते. भाड्याची खोली बघायला गेला की आडनाव विचारतात. गटारात उतरायला माणूस पाहिजे असला की आडनाव न विचारताच त्याच्या दारात येतात. कुठला मजूर कुठे सापडेल, किती स्वस्त पडेल, कुठलं काम मुकाट करेल, ह्याची हजारो वर्षांची तयार यादी म्हणजे जात. कंपनीला ती लिहावी लागली नाही, आयती मिळाली. मग ती फाडेल कशाला?

*

आता भांडण. पहिलं लाल मित्रांशी. ते जगाचा नकाशा झकास काढतात. लंडन, न्यूयॉर्क, आफ्रिका, सगळं त्यांच्या बोटावर. पण रेघ गावाच्या वेशीशी आली की त्यांची पेन्सिल तुटते. जात वरचा पापुद्रा आहे, क्रांती झाली की गळून पडेल म्हणतात. साळखात्याचं दार पापुद्र्याचं होतं काय? माझ्या पणजाचा पगार त्या दाराने कापला. बाबासाहेबांनी १९३८ला मनमाडला रेल्वे कामगारांना दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच साली ७ नोव्हेंबरला काळ्या कामगार कायद्याविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने संप पण केला. हातमिळवणीला आपली ना नव्हती, ना नाही. डोळेझाकीला आहे.

दुसरं भांडण आपल्यातल्या शहाण्यांशी. ते म्हणतात, जागतिकीकरणाने जात मोडेल, बाजार जात विचारत नाही, आपणही कारखानदार होऊ. ह्यात खरा अंश आहे, तो मी नाकारत नाही. गिरणीचा पगार नसता तर चळवळीची वर्गणी कुठून आली असती? खेडं म्हणजे काय हे बाबासाहेबांनी १९४८ला घटना समितीत तोंडावर सांगितलं, आणि त्यांचं ऐकून आपण शहर गाठलं. शहराने श्वास दिला. पण शहराने फुकट दिला नाही, आणि दिलेला परत काढून घेतला. १९९१ला देश नाणेनिधीच्या दारात गेला. नंतर सरकारी कारखाने विकायला काढले. विकलेल्या कारखान्यात राखीव जागा राहत नाही. दहा-वीस आपले कारखानदार झाले, आनंद आहे. त्यांच्या कारखान्यातला मजूर कुठल्या काट्यावर मोजला जातो, हा माझा सवाल त्यांनाही आहे.

तिसरं भांडण जवळच्यांशी. ते म्हणतात, जगाचं आपल्याला काय? आपली जयंती, आपला पुतळा, आपलं स्मारक. ६ डिसेंबर २०११ला कार्यकर्ते इंदू मिलच्या आत घुसले, तेव्हा कुठे सरकार हललं. मला त्याचा अभिमान आहे. पण ती मिल होती हे विसरू नका. तिथे माणसं राबत होती. त्या जागेवर बाबासाहेबांना हात जोडाल तेव्हा विचारा, राबणारे कुठे गेले?

आपला बाप तर एका नकाशावर कधी थांबलाच नाही. १९१८ला छोट्या शेतांवर लिहिताना ते म्हणाले की शेतीचं दुखणं नुसतं शेतात शोधू नका. शेतीवर माणसांचा भार पडलाय, तो उद्योगाने उतरवा. १९२३ला रुपयावर लिहिताना रुपया घसरला की व्यापारी कमावतो आणि मजुरीवाला मरतो हे मांडलं. गिरणीतलं दार १९२८ला, वतनाची जमीन त्याच साली. १९५५ला भाषावार राज्यांवर लिहिताना मराठी मुलखाची चार राज्यं करा म्हणाले, कारण मोठ्या राज्यात एकाच बड्या जातीची दादागिरी चालेल हे त्यांना दिसत होतं. शेत, गाव, गिरणी, राज्य, रुपया. पाचही त्यांनी एकाच डोक्याने वाचले. आपण त्यांच्या फोटोपुढे उभे राहतो आणि वॉर्डाच्या पलीकडे बघत नाही.

१९७२ला इथे पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरवरून. त्याच साली गयानाच्या वॉल्टर रॉडनीचं पुस्तक निघालं. त्याने दाखवलं की आफ्रिका मागास होती असं नाही, युरोपने ती मागास केली. १९८०ला त्याला बॉम्बने उडवलं. इतिहास सांगणाऱ्याला बॉम्ब लावतात, म्हणजे नकाशा किती जपून ठेवलाय बघा.

*

मग करायचं काय? भाषण नको, काम सांगतो.

प्रत्येक वस्तीत चार पोरं-पोरी बसा. एक कागद घ्या. मधोमध आपली वस्ती काढा. नळ कुठपर्यंत आला, डांबर कुठपर्यंत आलं, जमीन कुणाच्या नावावर आहे, ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे ते केले का, हे लिहा. मग दुसरा कागद. गावातून काय बाहेर जातं? कापूस, ऊस, दूध, आणि किती माणसं? कुठे जातात, काय भावाने? तिसरा कागद. तो माल पुढे कोण घेतं, कुठे विकतं, शेवटचा भाव काय? हे तीन कागद एकाखाली एक लावले की काटा कुठे मारला ते दिसतं. मग मोर्चा नेमका कुठे न्यायचा तेही दिसतं. कधी तलाठ्याकडे, कधी कारखान्यावर, कधी बंदरावर.

लांबच्या काट्याला हात घालता येत नाही असं कुणी म्हणेल. घातलाय लोकांनी. राणा प्लाझानंतर बांगलादेशच्या आणि जगभरच्या युनियननी कपड्यांच्या बड्या कंपन्यांना २०१३लाच कायद्याने बांधणाऱ्या सुरक्षा करारावर सह्या करायला लावल्या. यवतमाळच्या फवारणीत मेलेल्यांच्या बायकांनी २०२०ला थेट स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये दावा लावला. यवतमाळची बाई बासेलच्या कोर्टात! पैसा जेवढा लांब जातो तेवढं लांब आपणही गेलं पाहिजे. आणि जवळचं सोडायचं नाही. १९६४ला दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखोंनी तुरुंग भरले, एका साध्या मागणीसाठी: जमीन द्या. ती मागणी अजून तशीच उभी आहे.

मागास म्हणणाऱ्याला ह्यापुढे एकच उलटा सवाल करा. कुणाच्या मागे? कुणी ठेवलं? आणि पुढच्याच्या पायाखाली पाठ कुणाची आहे?

मी रिंगफ्रेमवर उभा राहतो तेव्हा माझ्या बोटातून जाणारा धागा कुठून आला आणि कुठे जाणार हे मला आता कळायला लागलंय. तो एका टोकाला त्या वेचणाऱ्या बाईच्या हातात आहे, दुसऱ्या टोकाला ढाक्याच्या शिवणाऱ्या बाईच्या. मध्ये आपण आहोत. तिघांनी एकदम ओढला तर चारही काटे हलतील.

कागद-पेन्सिल घ्या. वस्तीपासून सुरुवात करा.

जयभीम.